रोगजंतूंचा शोधक : रॉबर्ट कॉख

(क्षय हा माणसाचा फार जुना शत्रू. हा रोग कशामुळे होतो, हे शेकडो वर्षे कोणालाही नक्की माहीत नव्हते. एका जर्मन डॉक्टरने अपार धीराने त्याचे कारण शोधून काढले. त्या थोर शास्त्रज्ञाच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

क्षयरोग हजारो वर्षांपासून माणसाच्या मागे लागलेला आहे. प्राचीन इजिप्तमधील ममींच्या हाडांतसुद्धा या रोगाच्या खुणा सापडल्या आहेत. संस्कृत ग्रंथांत त्याला राजयक्ष्मा म्हटले आहे. उर्दूत त्याला तपेदिक म्हणतात. मराठीतील क्षय या शब्दाचा अर्थ झिजणे असा आहे. या रोगात माणूस दिवसेंदिवस झिजत जातो, म्हणून त्याला हे नाव पडले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठमोठे कारखाने उभे राहिले. खेड्यांतील लोक कामासाठी शहरांत आले. एकेका अंधाऱ्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहू लागली. अशा वस्त्यांमध्ये क्षयाने कहर केला. त्या काळी मरण पावणाऱ्या दर सात माणसांपैकी एक माणूस क्षयाने मरत असे. त्यांत तरुणांची संख्या फार मोठी होती. घरातील कमावता मुलगा खोकू लागला, की सारे घर हवालदिल होई.

हा रोग का होतो, याविषयी लोकांच्या निरनिराळ्या समजुती होत्या. कोणी म्हणत, तो आईबापांकडून मुलांना येतो. कोणी म्हणत, तो वाईट हवेमुळे होतो. कोणी त्याला नशिबाचा भोग समजत. इब्न सिना या थोर हकिमाने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हा रोग एकाकडून दुसऱ्याला होतो, असे मत मांडले होते. १८६५ साली व्हिलमँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने क्षयरोग्याच्या शरीरातील द्रव्य सशांना टोचले. त्या सशांना क्षय झाला. तरीही बहुतेक डॉक्टरांना हे पटले नाही. रोग पसरवणारी वस्तू कोणती, हे डोळ्यांना दिसल्याशिवाय लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. ती वस्तू जगाला दाखवण्याचे काम रॉबर्ट कॉख यांनी केले.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्टाल या गावी झाला. हार्त्स नावाच्या डोंगराळ भागात हे गाव आहे. त्यांचे वडील तेथील खाणींमध्ये अधिकारी होते. त्यांना तेरा मुले झाली. रॉबर्ट हा त्यांपैकी तिसरा. लहानपणापासून तो हुशार होता. पाच वर्षांचा असताना वर्तमानपत्रे समोर ठेवून तो आपला आपणच वाचायला शिकला आणि त्याने आईवडिलांना चकित केले. दगड, किडे, पाने, शेवाळ असे काहीबाही गोळा करण्याचा त्याला नाद होता. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तो बराच वेळ निरखत बसे.

१८६२ मध्ये रॉबर्टने ग्योटिंगेन येथील विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. काही रोग सूक्ष्म सजीवांमुळे होत असले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्याजवळ पुरावा मात्र नव्हता. गुरूचा हा विचार शिष्याच्या मनात रुजला. १८६६ मध्ये रॉबर्ट कॉख डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी एमी फ्राट्स हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जर्मनी व फ्रान्स यांच्यातील युद्धात त्यांनी सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा केली. त्यानंतर १८७२ मध्ये वोल्स्टाइन या लहानशा गावात त्यांची जिल्हा वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. हे गाव आज पोलंड देशात आहे.

वोल्स्टाइनमध्ये ना विद्यापीठ होते, ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा. कॉख दिवसभर रोगी तपासत. घोडागाडीत बसून खेडोपाडी जात. एमीने त्यांना वाढदिवसानिमित्त एक सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले, असे सांगतात. त्या यंत्राने त्यांच्या जीवनाला नवे वळण लावले. त्यांनी रोगी तपासण्याच्या खोलीत मधोमध पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूला दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला त्यांची छोटीशी प्रयोगशाळा होती.

त्या भागात काळपुळी या रोगाची साथ वारंवार येत असे. या रोगाने मेंढ्या आणि गाईबैल पटापट मरत. सकाळी धडधाकट दिसणारे जनावर संध्याकाळी मरून पडे. शेतकऱ्यांचे फार नुकसान होई. कधीकधी माणसांनाही हा रोग होत असे. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे काही शास्त्रज्ञांनी आधीच पाहिले होते. पण हे जंतू रोगाचे कारण आहेत, की रोगामुळे ते तेथे आले आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हते. शिवाय हे जंतू लवकर मरतात. मग ज्या कुरणात वर्षभर एकही जनावर चरले नाही, तेथे पुन्हा रोग कसा येतो, हेही एक कोडेच होते.

कॉख यांनी हे कोडे सोडवायचे ठरवले. त्यांच्याजवळ टोचण्यासाठी चांगली सुई नव्हती. त्यांनी लाकडाच्या बारीक काड्या तापवून शुद्ध केल्या. मेलेल्या जनावराच्या रक्तात त्या बुडवून उंदरांना टोचल्या. दुसऱ्या दिवशी उंदीर मेले. त्यांच्या रक्तात तेच काडीसारखे जंतू सापडले. मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातील पाण्यासारखा स्वच्छ द्रव घेतला आणि त्यात हे जंतू वाढवले. एका थेंबातून दुसऱ्या थेंबात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे त्यांनी आठ वेळा केले. आठव्या थेंबात जनावराचे मूळ रक्त उरलेच नव्हते. होते ते फक्त जंतू. तो थेंब टोचताच उंदराला काळपुळी झाली. जंतू हेच रोगाचे कारण आहे, हे यावरून सिद्ध झाले. परिस्थिती प्रतिकूल झाली की या जंतूंचे टणक बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, हेही त्यांनी पाहिले. कुरणाचे कोडे सुटले.

१८७६ मध्ये कॉख आपली उपकरणे घेऊन ब्रेस्लाउ येथील विद्यापीठात गेले. तेथील फर्डिनांड कोन या प्राध्यापकांना त्यांनी सर्व प्रयोग करून दाखवले. खेड्यातील एका अनोळखी डॉक्टरचे हे काम पाहून प्राध्यापक थक्क झाले. कॉख यांचे नाव सर्वत्र झाले. १८८० मध्ये जर्मन सरकारने त्यांना राजधानी बर्लिन येथील आरोग्य खात्याच्या संस्थेत बोलावून घेतले.

बर्लिनमध्ये त्यांना प्रयोगशाळा आणि हुशार मदतनीस मिळाले. जंतू एकमेकांत मिसळू न देता वाढवायचे कसे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनच्या थरावर जंतू वाढवून पाहिले. घट्ट पृष्ठभागावर जंतूंचे वेगवेगळे ठिपके तयार होतात. एका ठिपक्यात एकाच जातीचे जंतू असतात. परंतु उष्णतेने जिलेटिन वितळत असे. तेव्हा त्यांचे एक सहकारी हेसे यांच्या पत्नी फानी यांनी अगर वापरण्याची सूचना केली. अगर समुद्रातील वनस्पतींपासून मिळते. फानी स्वयंपाकघरात जेली करण्यासाठी ते वापरत असत. स्वयंपाकघरातील ही युक्ती आज जगातील प्रत्येक जंतुशास्त्र प्रयोगशाळेत वापरली जाते.

१८८१ च्या ऑगस्ट महिन्यात कॉख यांनी क्षयाकडे आपले लक्ष वळवले. हे काम काळपुळीपेक्षा कितीतरी अवघड होते. क्षयाचे जंतू अतिशय बारीक असतात. एका मिलिमीटरमध्ये असे शेकडो जंतू एकापुढे एक मांडता येतील. त्यांच्याभोवती मेणासारखे आवरण असते. त्यामुळे नेहमीचे रंग त्यांच्यावर चढत नाहीत आणि ते दिसत नाहीत. कॉख यांनी निरनिराळे रंग वापरून पाहिले. शेवटी एका निळ्या रंगात अल्कली मिसळून त्यांनी काचपट्ट्या कितीतरी तास त्यात ठेवल्या. नंतर त्यावर तपकिरी रंग चढवला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच तपकिरी पार्श्वभूमीवर किंचित वाकलेल्या, बारीक, निळ्या काड्या त्यांना दिसल्या. क्षयाचे जंतू माणसाला प्रथमच दिसत होते.

जंतू दिसले, पण तेवढ्याने रोगाचे कारण सिद्ध होत नव्हते. ते शरीराबाहेर वाढवून दाखवणे आवश्यक होते. कॉख यांनी जनावरांच्या रक्तातील द्रव तापवून घट्ट केला, त्यावर जंतू पेरले आणि नळ्या शरीराइतक्या उबेत ठेवल्या. इतर जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. येथे पहिला आठवडा गेला, तरी नळीत काहीच दिसेना. दुसरा कोणी असता तर त्याने नळ्या फेकून दिल्या असत्या. कॉख थांबले. दुसरा आठवडा उलटू लागला, तेव्हा द्रवावर कोरड्या खपल्यांसारखे बारीक ठिपके दिसू लागले. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. ज्याच्याजवळ धीर होता, त्यालाच तो दिसला.

कॉख यांनी हे वाढवलेले जंतू गिनीपिग या लहान प्राण्यांना टोचले. काही आठवड्यांनी ते आजारी पडले. त्यांच्या शरीरात क्षयाच्या गाठी आढळल्या आणि त्या गाठींत पुन्हा तेच जंतू सापडले. ज्यांना काही टोचले नव्हते, ते प्राणी निरोगी राहिले. रोग्याच्या शरीरात जंतू सापडला पाहिजे. तो बाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. तो टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या प्राण्याच्या शरीरात तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. या चार पायऱ्या कॉख यांचे नियम म्हणून प्रसिद्ध आहेत.

२४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमधील एका छोट्या सभागृहात कॉख यांनी आपला शोध जाहीर केला. ते काही मोठे वक्ते नव्हते. ते सावकाश, अडखळत बोलत. पण त्यांनी आपल्याबरोबर सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि दोनशेहून अधिक नमुने आणले होते. एकामागून एक पुरावा ते मांडत गेले. भाषण संपले. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी वाद घातला नाही. सभागृहात शांतता पसरली. मग एकेक जण उठला आणि सूक्ष्मदर्शकातून त्या निळ्या काड्या पाहू लागला. आज तोच दिवस सर्व जगात क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

त्या सभेत पाउल एर्लिख नावाचा एक तरुण डॉक्टर बसला होता. घरी जाताच त्याने जंतूंना रंग देण्याचे प्रयोग सुरू केले. त्याने काही काचपट्ट्या सुकण्यासाठी थंड शेगडीवर ठेवल्या होत्या. सकाळी घरातील बाईने नकळत शेगडी पेटवली. एर्लिखला वाटले, सारे नमुने वाया गेले. पण पाहतो तो काय, उष्णतेमुळे जंतूंवर रंग अधिक चांगला चढला होता, असे सांगतात. या सुधारणेमुळे रोग्याचा बेडका तपासून क्षय ओळखणे सोपे झाले. पुढे काही वर्षांनी एर्लिख यांना स्वतःलाच क्षय झाला. त्यांनी आपल्याच बेडक्यात ते जंतू पाहिले. सुदैवाने ते बरे झाले आणि पुढे थोर शास्त्रज्ञ म्हणून नावाजले.

यानंतर कॉख यांनी पटकीच्या रोगाचा शोध हाती घेतला. १८८३ मध्ये ते इजिप्तला गेले आणि तेथून भारतात कलकत्त्याला आले. कलकत्त्यातील लोक त्या काळी तळ्यांचे पाणी वापरत. त्याच तळ्यात आंघोळ होई, कपडे धुतले जात आणि तेच पाणी पिण्यासाठी नेले जाई. कॉख यांनी पटकीच्या रोग्यांच्या शरीरात आणि अशा एका तळ्याच्या पाण्यातही स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू शोधून काढले. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता कॉख यांची कीर्ती शिखरावर पोहोचली होती. साऱ्या जगाचे लक्ष त्यांच्याकडे लागले होते. ज्याने क्षयाचे जंतू शोधले, तोच क्षयावर औषधही शोधील, अशी लोकांची अपेक्षा होती. १८९० मध्ये बर्लिनला डॉक्टरांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. क्षयाची वाढ थांबवणारे एक द्रव्य आपल्याला सापडले आहे, असे कॉख यांनी त्या परिषदेत जाहीर केले. त्यांनी ते गिनीपिगवर वापरून पाहिले होते. माणसांवर त्याची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती. ते द्रव्य कशाचे बनवले आहे, हेही त्यांनी प्रथम गुप्त ठेवले.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. देशोदेशींचे क्षयरोगी बर्लिनकडे धावले. ज्यांना धड चालता येत नव्हते, तेही आगगाडीने आले. दवाखाने भरून गेले. डॉक्टर ते औषध मिळवण्यासाठी धडपडू लागले. रोग्यांना ते टोचले की त्यांना सपाटून ताप येई. हा ताप म्हणजे गुण येण्याची खूण आहे, असे लोकांना वाटे. परंतु काही आठवड्यांतच सत्य बाहेर आले. रोगी बरे होत नव्हते. कित्येकांचा रोग बळावला आणि काही जण दगावले. रुडॉल्फ फिर्खो या विख्यात डॉक्टरांनी मृत रोग्यांची शरीरे तपासली. त्यांत क्षयाच्या नव्या गाठी झालेल्या त्यांना आढळल्या. १८९१ च्या जानेवारीत कॉख यांना सांगावे लागले, की ते द्रव्य म्हणजे क्षयाच्या जंतूंचाच ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क आहे. त्याला ट्युबरक्युलीन असे नाव पडले.

ज्या माणसाने नळीतील ठिपका दिसेपर्यंत दोन आठवडे वाट पाहिली, त्याच माणसाने औषधाच्या बाबतीत घाई केली. ही घाई अनेक दुर्बल रोग्यांना भोवली. कॉख यांच्यावर कडक टीका झाली. शास्त्रज्ञ कितीही मोठा असला तरी त्याचे म्हणणे पुराव्यावाचून मान्य करू नये, हे या प्रसंगाने जगाला शिकवले. तथापि ते द्रव्य अगदीच वाया गेले नाही. ते कातडीत अल्प प्रमाणात टोचले, तर शरीरात क्षयाचे जंतू शिरले आहेत की नाहीत, याचा अंदाज येतो, असे पुढे दिसून आले. डॉक्टर आजही अशी चाचणी करतात.

टीका झाली म्हणून कॉख खचले नाहीत. १८९१ मध्ये बर्लिनला संसर्गजन्य रोगांसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. कॉख तिचे प्रमुख झाले. रोग जेथे असेल तेथे जाऊन त्याचा अभ्यास करायचा, ही त्यांची रीत होती. दक्षिण आफ्रिकेत गुरांना बुळकांडी रोग झाला, तेव्हा ते तेथे गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. लोक शहर सोडून पळत होते. अशा वेळी, १८९७ मध्ये, कॉख आफ्रिकेतून मुंबईला आले आणि जर्मन डॉक्टरांच्या पथकाबरोबर त्यांनी प्लेगचा अभ्यास केला.

कॉख यांच्या हातून आणखी एक चूक झाली. गुरांनाही क्षय होतो. गुरांचा क्षय माणसाला क्वचितच होतो, म्हणून दुधाविषयी विशेष खबरदारीची गरज नाही, असे मत त्यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत मांडले. अनेकांना ते पटले नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने बरीच वर्षे तपास केला. आजारी गाईच्या कच्च्या दुधातून माणसांना, विशेषतः मुलांना, क्षय होतो असे त्यात आढळले. म्हणूनच दूध नेहमी उकळून प्यावे.

१९०५ मध्ये क्षयरोगावरील संशोधनाबद्दल कॉख यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. २७ मे १९१० रोजी जर्मनीतील बाडेन-बाडेन या गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बर्लिनमधील त्यांच्याच संस्थेच्या इमारतीत जतन करून ठेवल्या आहेत. ती संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

क्षयावर औषध मिळावे, हे कॉख यांचे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पण शत्रू कोण, हे त्यांनी दाखवून दिले होते. त्यामुळे पुढच्या शास्त्रज्ञांची वाट सोपी झाली. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केलेली बीसीजी लस १९२१ मध्ये प्रथम एका बालकाला देण्यात आली. लहान मुलांना होणाऱ्या गंभीर क्षयापासून ही लस संरक्षण देते. आपल्या देशात ती बाळाला जन्मानंतर लवकरच टोचतात. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन या औषधाचा शोध लागला. रोगी बरे होऊ लागले. पण हे एकच औषध दिले तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, असे दिसून आले. म्हणून डॉक्टरांनी दोन-तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात केली.

तरीसुद्धा क्षयरोग्याला घरापासून दूर, थंड हवेच्या ठिकाणी आरोग्यधामात ठेवले पाहिजे, असे सर्वांना वाटे. गरिबाला हे कसे परवडावे? हा प्रश्न सोडवण्यास भारताने मदत केली. १९५६ मध्ये मद्रास येथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या लहानशा घरांतच औषधे दिली. वर्षभराने पाहिले, तर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते. घरी राहिलेल्या रोग्यांमुळे त्यांच्या माणसांना अधिक प्रमाणात रोग झाला, असेही आढळले नाही. बंगला, डोंगर आणि पौष्टिक खुराक यांपेक्षा नियमित औषध अधिक महत्त्वाचे ठरले. मद्रासच्या या प्रयोगाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली.

क्षय अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे एक कोटी आठ लाख लोकांना हा रोग झाला. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक भारतातील होते. म्हणून प्रत्येकाला या रोगाची माहिती असली पाहिजे. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो, तेव्हा जंतू हवेत जातात. त्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या शरीरात ते शिरतात. मात्र जंतू शरीरात शिरले म्हणजे रोग झालाच, असे नाही. बहुतेकांचे शरीर त्यांना दाबून ठेवते. अपुरे अन्न, मधुमेह, धूम्रपान किंवा दुसरा एखादा आजार यांमुळे शक्ती कमी झाली, की जंतू डोके वर काढतात. रोग्याशी हात मिळवल्याने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने क्षय होत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम सुटणे, भूक मंदावणे, वजन घटणे, बेडक्यातून रक्त पडणे ही या रोगाची लक्षणे आहेत. असे काही दिसले तर लपवून ठेवू नये. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. खोकताना तोंडावर रुमाल धरावा. कोठेही थुंकू नये. घराच्या खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवावी. रोग्याच्या घरातील सर्वांनी तपासणी करून घ्यावी.

साध्या क्षयाचा उपचार सामान्यतः सहा महिने चालतो. सुरुवातीला एकाच वेळी चार औषधे देतात. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो. आता गोळ्या कशाला? येथेच घात होतो. हे जंतू सावकाश वाढतात, तसेच ते सावकाश मरतात. काही जंतू शरीरात दडून बसलेले असतात. औषध मध्येच सोडले की ते पुन्हा वाढू लागतात आणि मग नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. असा क्षय बरा करणे फार अवघड जाते. शिवाय तोच रोग घरातील इतरांनाही होऊ शकतो.

मुलांनो, कॉख यांनी क्षयाचा जंतू धीराने शोधला आणि घाई केली तेथे ते चुकले. रोग्यालाही हीच गोष्ट लागू पडते. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी क्षयाची औषधे घेत असेल, तर त्याला दूर लोटू नका. त्याच्याजवळ बसा, त्याची विचारपूस करा आणि आजची गोळी घेतली की नाही, तेवढे मात्र रोज आठवणीने विचारा.

शब्दार्थ
हवालदिल होणे – चिंतेने घाबरून जाणे, परेशान होणे
हकीम – वैद्य
कहर करणे – फार मोठा अनर्थ करणे
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
बेडका – खोकल्याबरोबर छातीतून येणारा कफ
दगावणे – मरण पावणे
भोवणे – वाईट परिणाम भोगावा लागणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
संसर्गजन्य – एकाकडून दुसऱ्याला होणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्षय या शब्दाचा अर्थ काय?
(आ) कॉख यांनी क्षयाच्या जंतूंचा शोध कोणत्या दिवशी जाहीर केला?
(इ) अगर वापरण्याची सूचना कोणी केली?
(ई) कॉख मुंबईला कशासाठी आले होते?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) क्षयाचे जंतू शोधणे अवघड का होते?
(आ) कॉख यांच्या औषधामुळे रोग्यांची निराशा का झाली?
(इ) मद्रासच्या प्रयोगातून काय सिद्ध झाले?
(ई) क्षयाची औषधे मध्येच का सोडू नयेत?
३. वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, दाद न देणे, डोके वर काढणे, वाया जाणे.
४. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील दवाखान्यात जाऊन क्षयाच्या तपासणीची माहिती मिळवा आणि ती मराठीत दहा ओळींत लिहा.